सहा किलोमीटर रिव्हर्स

पोस्टमास्तर तिलकरत्नांची गाडी निम्म्या दिशांना उत्तम चालायची. मागे जायची, पुढे जायची नाही. एवढं सोडलं तर तिला नाव ठेवायला जागा नव्हती. काचा वरखाली होत, वायपर कोरड्या काचेवरसुद्धा निष्ठेनं फिरत. चावी फिरवली की डॅशबोर्डातली जपानी बाई एक लांबलचक वाक्य फार आदबीनं बोलायची. तिलकरत्नांना जपानी येत नव्हतं. तरी ते दर वेळी "बरं" म्हणायचे. कहटपिटियच्या पोस्टात अठ्ठावीस वर्षं काढूनही त्यांच्याशी इतक्या आदरानं कोणी बोललेलं नव्हतं, त्यामुळे उत्तर न देणं त्यांना बरं वाटेना.

गाडी मार्चच्या अखेरीस आणली. कोलंबोच्या बाहेर एका मोठ्या पटांगणात जुन्या जपानी गाड्या मांडून बसलेल्या माणसानं साहेब म्हणावं तसं महत्तया म्हणत ती दाखवली. "महत्तया, एकाच बाईंनी वापरलेली. शाळेच्या हेडबाई. फक्त पौर्णिमेला विहारात जायला काढायच्या."

तिलकरत्नांना हे इतकं पटलं की त्यांनी बाईंच्या पुण्याईचा विचार करतच सही केली. मीटरवर एकसष्ट हजार किलोमीटर होते. तो आकडा घरी आल्यावर शेजारचे निवृत्त सर्व्हेअर अरियपाल यांनी वाचला. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. गाडी लंकेत येऊन सहा वर्षं, म्हणजे बहात्तर पौर्णिमा. प्रत्येक पौर्णिमेला आठशे सत्तेचाळीस किलोमीटर.

"आपला देश उत्तर-दक्षिण चारशे बत्तीस आहे," अरियपाल म्हणाले. "म्हणजे बाई एका टोकाला राहत असणार आणि विहार दुसऱ्या टोकाला. जाऊन-येऊन आठशे चौसष्ट, वरचे सतरा किलोमीटर समुद्र टाळायला सोडले असतील. हिशोब जुळतो."

हिशोब जुळला म्हणून तिलकरत्नांना आणखीच समाधान वाटलं.

आता गाडी घेतली कशासाठी, हे सांगायला हवं. तिलकरत्नांची बायको मालकांती बावीस वर्षं दर एप्रिलातल्या नव्या वर्षाला मोटारसायकलच्या मागे बसून, मांडीवर कवुमचं, म्हणजे तांदूळ-गुळाच्या तळलेल्या गोड वड्यांचं ताट धरून माहेरी जात आली होती. माहेर दोडंपेला, सहा किलोमीटरवर. पोचेपर्यंत साडीचा पदर एका दिशेला, केस दुसऱ्या दिशेला आणि ताटातला वरचा कवुम वाटेत कुठेतरी पडलेला. दारात तिचे वडील घड्याळ हातात घेऊन उभे असायचे.

वडील, मुलांचे तात्ता, म्हणजे रेल्वेचे निवृत्त गार्ड पुंचिबंडा. वय शहाऐंशी. अडतीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून हिरवं निशाण दाखवलेला माणूस. त्यांचं जावयाशी बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं, फक्त बोलणं नव्हतं. लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाच्या बसचं चाक पंक्चर झालं आणि तिलकरत्न मुहूर्ताला अकरा मिनिटं उशिरा पोचले. तेव्हापासून म्हातारा जावयाला जे काही सांगायचं ते मुलीमार्फत सांगे. जावई समोर बसलेला असला तरी, "त्याला विचार, चहा घेणार का?" मग मालकांती विचारायची. मग तिलकरत्न "हो" म्हणायचे. मग ती वडिलांना सांगायची, "हो म्हणतायत." रेल्वेत असंच चालतं, असं तिलकरत्न स्वतःची समजूत घालायचे. ड्रायव्हर आणि गार्ड एकमेकांशी थेट कुठे बोलतात?

या वर्षी मात्र निरोप आला होता. हात थरथरतो. नव्या वर्षाला घरातल्यांच्या डोक्याला तेल लावायचा विधी यंदा शेवटचा मीच करीन. पुढच्या वर्षीपासून धनपाल करील.

धनपाल म्हणजे मालकांतीचा थोरला भाऊ. त्याच्याकडे भली उंच पिकअप होती. तिच्यात चढायला पायरी होती आणि पायरीला दिवा होता. मालकांतीनं तो निरोप ऐकला आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली, "यंदा आपण वेळेवर जायचं. आणि माझे केस जागेवर असले पाहिजेत."

तिलकरत्नांनी मोटारसायकल विकली आणि गाडी घेतली.

एकोणीस दिवस गाडी दृष्ट लागण्यासारखी चालली. बारा एप्रिलला, वर्ष सरायला एक दिवस उरला असताना, गूळ आणि तांदळाचं पीठ घेऊन तिलकरत्न बाजारातून परतत होते. चौकात गाडीनं एक उचकी दिली. मग पोटातून कोणी लोखंडाचे खडे चावतंय असा आवाज आला. मग इंजिन मोठ्यानं ओरडायला लागलं आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. त्यांनी बंद केली, चालू केली. जपानी बाई तेच वाक्य बोलली, पण आता तिच्या स्वरात सहानुभूती आहे असं त्यांना वाटलं.

मागून बसवाल्यानं भोंगा धरला. तिलकरत्नांनी घाबरून दांडा रिव्हर्सला टाकला. गाडी लोण्यासारखी मागे गेली. बस घाईघाईनं बाजूला झाली. तेव्हापासून घरापर्यंतचे चारशे मीटर ते मान वळवून, गुळाची ढेप शेजारच्या सीटवर ठेवून, उलटे आले. वाटेत ओळखीच्या तिघांनी हात केला. तिघांनाही त्यांनी मान न वळवता हात केला, कारण मान आधीच वळलेली होती.

घरासमोर शेजारी जमायला चार मिनिटं लागली.

"नजर," पलीकडच्या सीलावती अक्का म्हणाल्या. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या गोष्टी नजरेनं बिघडतात. मागच्या वर्षी त्यांचा पाण्याचा पंप नजरेनं गेला होता, आणि विजेचं बिलही नजरेनंच वाढलं होतं. "मास्तर, पोस्टासमोर गाडी लावत होता ना? पोस्टात येणारा प्रत्येक माणूस रिकाम्या हातानं परत जातो. तो काय बघून जाणार? सात लिंबं कापा, चारी चाकांवरून."

"अक्का, चाकं चांगली आहेत."

"मग पाचव्यावरून कापा. डिकीत आहे ना एक?"

अरियपाल गाडीखाली वाकून बघत होते. "हे ऑटोमॅटिक आहे. यात पट्टा असतो. तो पुढे जाताना घसरतो, मागे जाताना धरतो. म्हणजे गाडीचा निम्मा भाग शाबूत आहे. मास्तर, तुम्ही निम्मी गाडी घेतली होती असं समजा, म्हणजे वाईट वाटणार नाही."

तिलकरत्नांनी तसं समजून पाहिलं. वाईट वाटलंच.

त्यांनी विकणाऱ्याला फोन लावला.

"हमी आहे ना हो? एक महिन्याची?"

"आहे ना महत्तया, शंभर टक्के आहे. गाडी चालते का?"

"मागे चालते."

"म्हणजे चालते."

"पुढे नाही हो चालत!"

"असं करा, गाडी इथं घेऊन या. बघितल्याशिवाय हमी लागू होत नाही. तसं कागदावर लिहिलंय."

"अहो, पुढे जात नाही तर ऐंशी किलोमीटर आणू कशी?"

"तेही खरं. पण न आणता बघायचं कसं? आणि आम्ही वीस तारखेपर्यंत बंद आहोत. नव्या वर्षाच्या शुभेच्छा, महत्तया. हेडबाईंनाही कळवतो."

नव्या वर्षाच्या त्या आठवड्यात सगळी लंका आपापल्या गावी जाते. मेकॅनिकही माणसंच असतात. तिलकरत्नांनी ओळखीच्या पाच गॅरेजांना फोन केले. पाचही मेकॅनिक पाच वेगवेगळ्या गावांत आईच्या हातचं खात होते. शेवटी सेपाल बास, म्हणजे सेपाल मिस्त्री, मिळाला. तो गावी गेला नव्हता, कारण कहटपिटिय हेच त्याचं गाव होतं.

सेपाल बास तेरा तारखेला सकाळी आला, गाडीखाली शिरला आणि म्हणाला, "ताई, एक परात द्या."

मालकांतीनं कवुमचं पीठ भिजवायची प्लास्टिकची परात दिली. ती निळी होती आणि तिच्या आवडीची होती. बासनं गिअरबॉक्सचा तळ उघडून काळं तेल त्या परातीत सोडलं. तेलात लोखंडाची बारीक चमक होती, जशी लग्नपत्रिकेवर असते.

"हे काय आहे?" तिलकरत्नांनी विचारलं.

"हे पुढे जाणं होतं," बास म्हणाला. "आता परातीत आहे."

त्यानं तेलाचा वास घेतला, बोटांत चोळलं आणि निदान सांगितलं. कोणीतरी या पेटीत भलतंच तेल घातलं होतं. या पेटीला स्वतःचं वेगळं तेल लागतं. दुसरं घातलं की वर्षभर गोड चालते, मग एका दिवसात जाते. गाडी तरुण आहे, पेटी म्हातारी झाली. मोडलेल्या गाडीतली दुसरी पेटी मिळेल, कोलंबोला, वीस तारखेनंतर. तोवर निदान योग्य तेल भरून बंद करतो. पुढे नाही जाणार, पण मागे जाण्याला तरी धक्का लागणार नाही.

त्यानं नवं तेल भरलं आणि तळाचे बोल्ट लावायला घेतले. दोन बोल्ट राहिले असताना विहारातली घंटा वाजली. सेपाल बासनं पाना खाली ठेवला आणि गाडीखालून बाहेर आला.

"झालं?"

"नोनगत लागलं."

जुनं वर्ष संपून नवं लागायच्या मधल्या काही तासांत कुठलंही काम करायचं नसतं. चूल पेटवायची नाही, शिवायचं नाही, मोजायचं नाही. बोल्ट पिळायचा की नाही याबद्दल पंचांगात स्पष्ट लिहिलेलं नाही, पण सेपाल बासनं जोखीम घेतली नाही. तो बाजूला बसला, विडा खाल्ला आणि गप्पा मारून घरी गेला. देश न्यूट्रलमध्ये होता. गाडीही.

चौदा तारखेला काम सुरू करायचा मुहूर्त होता. या मुहूर्तावर प्रत्येकानं आपापल्या धंद्यातलं थोडंसं काहीतरी करायचं, म्हणजे वर्षभर हाताला काम राहतं. तिलकरत्नांनी एका पाकिटावर शिक्का मारला. सेपाल बास नवा पांढरा सारोंग नेसून आला, मुहूर्ताच्या अचूक मिनिटाला गाडीखाली सरकला, एक बोल्ट अर्धा फेरा पिळला आणि बाहेर आला.

"काम सुरू झालं," त्यानं जाहीर केलं.

"आणि उरलेलं?" मालकांतीनं विचारलं.

"ते काम चालू ठेवणं झालं, ताई. त्याला मुहूर्त नाही. म्हणजे घाईही नाही."

मालकांती आत गेली आणि ताट घेऊन आली. ताटात कवुम होते, तपकिरी, फुगलेले, मधोमध शेंडी काढलेले. तिनं ताट त्याच्या हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर धरलं.

"अर्ध्या फेऱ्याला एक," ती म्हणाली.

सेपाल बासनं वीस मिनिटांत सगळे बोल्ट लावले. शेवटचा तर त्यानं इतका पिळला की पुढे कोलंबोत तो काढताना पाना मोडला.

विधीचा मुहूर्त सोळा तारखेला सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी होता. पंधराला संध्याकाळी धनपालचा फोन आला. त्याला सगळं कळलं होतं. सीलावती अक्कांची बहीण दोडंपेला दिलेली होती.

"काय तिलकरत्न, ऐकलं तुमची गाडी लाजते म्हणे! पुढे यायला तयार नाही?"

तिलकरत्न कसंनुसं हसले.

"बस नाही, रिक्षावाले गावी गेलेत. मी येतो उद्या पिकअप घेऊन. आणि तुमची गाडी दोरीनं मागे बांधू. तात्तांनाही दाखवू, जावयानं काय घेतलं ते."

तिलकरत्न "बरं" म्हणणार होते. जपानी बाईमुळे त्यांना ती सवयच लागली होती. पण मालकांतीनं हातातून फोन घेतला.

"धनपाल अय्या, आम्ही आमच्या गाडीनं येऊ."

"अगं, ती चालत नाही ना!"

"चालते."

फोन ठेवून ती ओट्यावर गेली. तिलकरत्न तिच्या मागे गेले.

"मालकांती, ती फक्त मागे जाते."

"मग मागे जाऊ," ती म्हणाली. "माहेर माझं आहे. कुठल्या बाजूनं गेलं तरी तिथंच आहे."

बावीस वर्षांत तिलकरत्नांना आपल्या बायकोबद्दल अनेकदा कौतुक वाटलं होतं, पण असं धडधडून पहिल्यांदाच वाटलं.

सोळा तारखेला सकाळी सात वाजता शेजारी पुन्हा जमले. सीलावती अक्कांच्या हातात पंचांग होतं आणि चेहरा गंभीर होता. त्या वर्षी नव्या सालातल्या पहिल्या प्रवासाचा मुहूर्तही त्याच सकाळी होता, सात एक्केचाळीसला. आणि तोंड उत्तरेला करून निघायचं होतं.

"दोडंपे कुठे आहे?" त्यांनी अरियपालांना विचारलं, जणू ते तीस वर्षांत हललं असेल.

"दक्षिणेला."

दोडंपेच्या बाजूला जाणाऱ्या प्रत्येकाची त्या दिवशी तीच पंचाईत होती. लोक आधी उत्तरेला निघत, ओढ्यापर्यंत जाऊन, वळून परत येत होते. ओढ्यापाशी सकाळपासून नुसती कोंडी झाली होती.

अरियपालांनी होकायंत्र आणलं, गाडीच्या बॉनेटवर ठेवलं आणि डोळा बारीक करून पाहिलं. मग ते सावकाश सरळ झाले.

"मास्तर, तुमच्या गाडीचं तोंड उत्तरेला आहे."

"मग?"

"आणि ती जाणार आहे दक्षिणेला."

सीलावती अक्कांनी पंचांग मिटलं. "सगळ्या तालुक्यात शास्त्राप्रमाणे निघणारी ही एकच गाडी आहे," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या आणि त्यांनी बॉनेटला हात लावून नमस्कार केला. नजरेचा विषय पुन्हा निघाला नाही.

एकच वाद उरला. अरियपाल म्हणाले, "आपल्याकडे डावीकडून चालवतात. पण कोणाच्या डावीकडून? तुमच्या की रस्त्याच्या?" यावर दहा मिनिटं चर्चा झाली. शेवटी मालकांती म्हणाली, "समोरून येणाऱ्याला आपलं काय दिसेल? पाठ. तो समजेल आपण त्याच्यापुढे चाललोय. म्हणजे तो मागून धडकेल. तेव्हा जाणाऱ्याच्या डावीकडून जायचं आणि भोंगा वाजवत जायचं." सर्व्हेअरांनी तिला पेन्सिल भेट दिली.

मालकांती मागच्या सीटवर गुडघे टेकून, मागच्या काचेकडे तोंड करून बसली. तिनं केसांचा घट्ट अंबाडा घातला होता. शेजारी कवुमचं ताट आणि विड्याची पानं. सात एक्केचाळीसला तिलकरत्नांनी चावी फिरवली. जपानी बाई बोलली. तिलकरत्न म्हणाले, "बरं."

"डावीकडे," मालकांती म्हणाली. "थोडं डावीकडे. आता सरळ. कुत्रा आहे. कुत्रा गेला. सरळ."

गाडीच्या आतला तो रिव्हर्सचा टिंग-टिंग आवाज, जो शहाण्या माणसाच्या आयुष्यात एका वेळी आठ सेकंद वाजतो, तो सलग दीड तास वाजला. भातशेतांच्या मधून, नारळींच्या सावलीतून, चालत्या माणसाच्याच वेगानं गाडी उलटी जात होती. शेतातले बगळे सरळ उभे राहून बघत होते. एका वळणावर एक सायकलवाला समोरून आला, म्हणजे पाठीमागून आला, म्हणजे तिलकरत्नांच्या पाठीच्या बाजूनं समोरून आला. थोडक्यात, तो आला आणि पाटात गेला. मालकांतीनं खिडकीतून त्याला दोन कवुम दिले.

तिसऱ्या किलोमीटरला पोलीस उभा होता. सार्जंट होते, इस्त्रीचा गणवेश, कपाळावर घामाचा ओघळ. त्यांनी हात केला. तिलकरत्नांनी ब्रेक दाबला.

"उलटी का चालवताय?"

"सर, सुलटी चालत नाही."

"कुठून येताय?"

"कहटपिटियहून."

सार्जंट गाडीभोवती एकदा फिरले. "मागे जायला बंदी नाही," ते विचार करत म्हणाले. "पण गरजेपेक्षा जास्त मागे जायला बंदी आहे."

"सर, माझी गरज सहा किलोमीटर आहे. तीन झालेत."

सार्जंटांनी वही काढली. वहीत छापील फॉर्म होता. 'वाहनाचं तोंड कोणत्या दिशेला' असं लिहून एक ओळ होती. पुढे 'वाहन कोणत्या दिशेला जात होतं' अशी ओळ नव्हती. फॉर्म तयार करणाऱ्याला ती वेगळी लागेल असं वाटलंच नव्हतं.

"तोंड उत्तरेला," सार्जंट पुटपुटले. "म्हणजे या कागदाप्रमाणे तुम्ही दोडंपेहून कहटपिटियला निघालाय."

"सर, आम्ही उलट..."

"गप्प बसा हो, मी तुम्हाला सोडतोय!" सार्जंटांनी वही मिटली. "नव्या वर्षात पहिल्यांदा वहीत लिहायचं ते कोणावर खटला म्हणून? वर्षभर तेच लिहीत बसायचं? जा. तुम्ही कहटपिटियला गेलात. मी बघितलं."

मालकांतीनं त्यांनाही कवुम दिला. ताट हलकं होत होतं.

पाचव्या किलोमीटरला शाळेच्या पटांगणावर नव्या वर्षाचे खेळ चालले होते. डोळे बांधून हंडी फोडणं, आडव्या वाशावर बसून उशांनी मारामारी. आणि त्या क्षणी पटांगणाशेजारच्या रस्त्यावर संथ सायकलची शर्यत होती, ज्यात शेवटी पोचणारा जिंकतो. रस्ता एकच होता. तिलकरत्न मान वळवून, टिंग-टिंग करत त्या शर्यतीत शिरले.

"आणि हे काय!" लाउडस्पीकर ओरडला. "नवा स्पर्धक! चारचाकी गटातून! उलटा! मंडळी, हळू जाण्यातली ही कमाल आहे. हा माणूस इतका हळू चाललाय की मागे चाललाय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकांतीनं मागच्या काचेतून, म्हणजे लोकांच्या दृष्टीनं पुढच्या काचेतून, हात हलवला. लाजायचं तिच्याही मनात होतं, पण अंबाडा जागेवर होता. शेवटच्या रेषेपाशी कार्यकर्त्यांनी गाडी थांबवून खिडकीतून बक्षीस आत सरकवलं. प्लास्टिकची परात होती. लाल.

"निळी नाही," मालकांती म्हणाली, "पण चालेल."

"किती वाजले?" तिलकरत्नांनी विचारलं. त्यांची मान लाकडासारखी झाली होती.

"आठ अठ्ठावन्न."

अजून एक किलोमीटर होता आणि तो चढाचा होता. गाडी तक्रार करायला लागली. खालून जळल्यासारखा वास आला. तिलकरत्नांना तो दिवस आठवला, बावीस वर्षांपूर्वीचा, बसचं चाक, अकरा मिनिटं, आणि मंडपाच्या दारात घड्याळाकडे बघत उभा असलेला माणूस. त्यांनी पाय दाबला. "चल बाई," ते म्हणाले. गाडीला की डॅशबोर्डातल्या बाईला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. "एवढा एक चढ. मग वाटेल तेवढं बोल, मी ऐकीन."

दोडंपेच्या अंगणात सगळे जमले होते. धनपाल फाटकाशी मोबाइल धरून उभा होता, व्हिडिओ काढायला. पुंचिबंडा खुर्चीत बसले होते, शेजारी औषधी तेलाची वाटी. रस्त्याच्या वळणावर गाडीची शेपटी दिसली. मग डिकी दिसली. मग मागच्या काचेत मुलीचा चेहरा दिसला.

"बघा तात्ता, बघा!" धनपाल हसत सुटला. "ढुंगणानं येतोय जावई!"

म्हातारा बघत होता. मग त्यांनी खुर्चीचे हात धरले आणि उभे राहिले.

"माझं निशाण आण," ते सुनेला म्हणाले.

"कुठलं तात्ता?"

"कपाटातलं. दोन्ही. आणि शिटी."

ती निशाणं खरं तर सरकारी मालमत्ता होती. निवृत्तीच्या दिवशी ती परत करायचं पुंचिबंडांच्या लक्षात राहिलं नव्हतं, आणि त्यांना बाकी सगळं लक्षात राहत असे. सुनेनं ती आणून दिली. शहाऐंशी वर्षांचे गार्ड चालत फाटकापाशी गेले, धनपालला कोपरानं बाजूला सारलं आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. त्यांनी शिटी वाजवली. हिरवं निशाण वर गेलं. हात थरथरत होता, पण निशाण थरथरताना फडफडल्यासारखंच दिसतं.

मालकांती मागच्या सीटवरून ओरडली, "तात्ता आहेत! हिरवं आहे! या म्हणतायत!"

"दिसतंय," तिलकरत्न म्हणाले. आरशात त्यांना फक्त निशाण दिसत होतं. त्यांनी स्टिअरिंग त्या निशाणाच्या हालचालीवर सोडून दिलं. थोडं डावीकडे. आणखी. हळू. फाटकाचे दोन्ही खांब दोन्ही बाजूंनी वीतभर अंतरावरून सरकले. लाल निशाण आडवं झालं. तिलकरत्नांनी ब्रेक दाबला. गाडी आंब्याच्या झाडाखाली, पार तेलाच्या वाटीसमोर येऊन थांबली.

पुंचिबंडांनी कमरेचं घड्याळ काढलं. नऊ वाजून अकरा मिनिटं. ते चालत ड्रायव्हरच्या खिडकीपाशी आले आणि वाकले.

"कधी सुटलात?"

तिलकरत्नांनी सवयीनं मालकांतीकडे बघितलं. ती नुसती बघत होती.

"सात एक्केचाळीस," तिलकरत्न म्हणाले. मग भीत भीत जोडलं, "तात्ता."

"दीड तास. सहा किलोमीटर, सगळे उलटे, शेवटचा चढ." म्हाताऱ्यानं मान हलवली. "चांगली आणलीस."

विधी वेळेवर झाला. नऊ सतराला पुंचिबंडांनी मुलीच्या डोक्याला तेल लावलं. अंबाडा मोडला, पण त्याबद्दल ती काही बोलली नाही. मग त्यांनी जावयाच्या डोक्याला लावलं, नेहमीपेक्षा जास्त. ओघळ तिलकरत्नांच्या आखडलेल्या मानेपर्यंत गेला आणि त्यांना फार बरं वाटलं. वाटीत उरलेलं तेल बघून म्हातारे गाडीपाशी गेले आणि थोडं बॉनेटवर लावलं. "हिला आधीच कोणी चुकीचं तेल घातलं असं ऐकलं," ते म्हणाले. गाडीखाली लाल परात ठेवलेली होती. त्यात एक थेंब पडला.

जेवण झालं. निघायची वेळ झाली तेव्हा धनपालनं पिकअप काढली आणि दोरी आणली. "चला, जाताना तरी ओढून नेऊ. आता पुरे झाली गंमत."

"दोरी ठेव," पुंचिबंडा म्हणाले.

"तात्ता, परत सहा किलोमीटर उलटं जायचं म्हणजे..."

"उलटं काय त्यात? अडतीस वर्षं मी मागे तोंड करून आलो. एकदा उशीर झाला नाही." त्यांनी निशाणं काखेत घेतली आणि गाडीचं मागचं दार उघडलं. "ओढायचं नाही. मी आहे ना मागे."

मालकांतीनं वडिलांना जागा दिली आणि स्वतः नवऱ्याशेजारी जाऊन बसली. अंगणात दोन वेळा दांडा रिव्हर्सला टाकून, चौघांनी ढकलून, गाडीची शेपटी घराकडे, म्हणजे कहटपिटियकडे, वळवली. तिलकरत्नांनी चावी फिरवली. जपानी बाईचं वाक्य पुंचिबंडांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काय म्हणाली?"

"ठाऊक नाही, तात्ता."

"बरं," पुंचिबंडा तिला म्हणाले. त्यांनी मागची खिडकी खाली केली, डोकं बाहेर काढलं, शिटी वाजवली आणि हिरवं निशाण हलवलं.

अडतीस वर्षं गाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेला तो माणूस त्या दुपारी दोडंपेच्या चढावरून खाली उतरला, तो गाडीच्या सगळ्यात पुढच्या टोकाला बसून.